बुडाचा रंग आणि शंखातली मादी

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात होड्यांची डागडुजी चालते. बुडाला वेगळा रंग लागतो. तिथे शेवाळ आणि कालवं बसली, की होडी जड होते आणि डिझेल जास्त जळतं. जगभरच्या जहाजांच्या रंगात या कामासाठी अनेक वर्षं कथिलाचं एक संयुग असे, ट्रायब्युटिलटिन.

१९७०मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या खडकांवर मादी गोगलगायींना नराचं लिंग फुटलेलं आढळलं. पुढे दोष या रंगाकडे गेला. १९९९मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तोच विकार आपल्याकडच्या एका शंखात नोंदवला. त्याचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाचंच नाव लावणारा जीव!

किती विष लागतं? काही जातींना लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास पुरतं. म्हणजे दहा हजार लिटरच्या एक लाख टँकरांत मिळून एक ग्रॅम. एवढ्याने जीव मरत नाही. हे संयुग पेशीतल्या हार्मोनच्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि नको ते दार उघडतं. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच.

धातू हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतात ती गोगलगायींपुरतीच नाही; पुरुषाच्या शरीरात मात्र शिसं, कॅडमियम अशा धातूंची वाट निराळी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निरोप पाठवते आणि वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. शिसं या साखळीत दोन्ही टोकांना अडथळा आणू शकतं. कॅडमियमचा मोठा डोस वृषणाच्या रक्तवाहिन्याच फोडतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं.

रोजच्या थोड्या थोड्या मात्रेचा हिशेब मात्र गुंतागुंतीचा आहे. काही पाहण्यांत कॅडमियम जास्त असलेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उलट वाढलेलं दिसतं. ते पाहून निर्धास्त होऊ नये. तंबाखूच्या धुरातून कॅडमियम शरीरात जातं, आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे हार्मोन अनेकदा थोडं जास्त भरतं. शिवाय रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एका प्रथिनाला बांधलेलं असतं. ते प्रथिन वाढलं की एकूण आकडा फुगतो, मोकळं हार्मोन तेवढंच राहतं.

जहाजांवरच्या त्या रंगावरची जागतिक बंदी १७ सप्टेंबर २००८ला अमलात आली. पण बंदरांच्या तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे ते कथिल वर्षानुवर्षं टिकतं. माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियमही तसंच, दहा-वीस वर्षं मुक्कामाला. तेव्हा मूल होत नाही म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टरांनी हार्मोनच्या आकड्याआधी विचारावं: काम काय करता? बॅटरीचं, वेल्डिंगचं, जुना रंग खरवडण्याचं? आणि विडी-सिगारेट किती वर्षं?