बर्फ सुटायच्या आधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅनडाच्या व्हिक्टोरिया बेटावर रात्र उरलेली नसते. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, 69 अंश उत्तरेला, केंब्रिज बे हे गाव आहे. मेच्या उत्तरार्धात वर आलेला सूर्य तिथे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मावळत नाही. टेकड्यांच्या उतारांवर माती उघडी पडते, गावातल्या रस्त्यांचा राडा होतो. गावाबाहेरच्या तळ्यांवर मात्र पुरुषभर जाडीचा बर्फ अजून ठाण मांडून असतो. इनुइट कुटुंबं नेमकी याच दिवसांत तंबू, स्टोव्ह, किटली, पोरंटोरं आणि म्हातारी माणसं स्लेजवर चढवून तळी गाठतात.

बर्फातली मासेमारी म्हटली की सिनेमातला एकटा बुवा आठवतो, भोकाशेजारी स्टुलावर तासन्‌तास गप्प बसलेला. इथे तसला एकांत कुणाला नकोच असतो. मध्यरात्री दोनलाही मुलं बर्फावर हुंदडत असतात, कुणाची तरी किटली उकळत असते. आणि हा छंद नाही. विमानाने किंवा वर्षातून एकदा जहाजाने येणारा किराणा ज्या गावात खिशाला परवडत नाही, तिथे ही घरची बेगमी आहे.

या बेगमीचं जुनं आणि बारकाईचं वर्णन डायमंड जेनेस या न्यूझीलंडच्या मानववंशशास्त्रज्ञाने करून ठेवलं आहे. कॅनेडियन आर्क्टिक मोहिमेतून आलेला हा तरुण एप्रिल 1915 मध्ये इकपुकुआक आणि हिगिलाक या जोडप्याबरोबर व्हिक्टोरिया बेटावर गेला आणि हिवाळा लागेपर्यंत त्यांचा मानलेला मुलगा म्हणून राहिला. हिवाळाभर समुद्राच्या बर्फावर सील मारणारी ही माणसं वसंतात जमिनीकडे वळत आणि तळ्यातळ्यावर मुक्काम करत मासे धरत. काठीला बांधलेली दोरी, टोकाला गरी, झटका देऊन वर ओढायची आणि सैल सोडायची. आज दोरी नायलॉनची आहे, भोक पाडायला मोटारवर चालणारा गिरमिट आहे. मनगटाचा झटका तोच आहे. उथळ पाण्यात काकिवाक हा तीन टोकांचा भाला चालतो. मधलं टोक मासा भोसकतं आणि बाजूची दोन लवचीक टोकं त्याला दोन्हीकडून आवळून धरतात.

गळाला लागतो तो लेक ट्राउट, नाहीतर आर्क्टिक चार. चारची गोष्ट विलक्षण आहे. तो उन्हाळ्यात काही आठवडे समुद्रात जाऊन पोटभर खातो, पण हिवाळ्यात तिथे राहू शकत नाही. खारं पाणी उणे 1.8 अंशांपर्यंत द्रव राहतं, आणि एवढ्या थंडीत चारचं रक्त गोठेल. म्हणून शरद ऋतू लागण्याआधीच तो नदीतून तळ्यात परततो आणि बर्फाखाली हिवाळा जवळजवळ उपाशी काढतो. जूनमध्ये नद्या मोकळ्या होऊ लागल्या की हा भुकेला मासा समुद्राकडे निघतो.

बर्फाखालीही तेव्हा हालचाल सुरू झालेली असते. बर्फावरचा हिमथर असेतो खाली जवळपास अंधारच असतो. हिम वितळलं की ऊन बर्फातून आरपार जातं. शून्य अंशावरचं पाणी किंचित तापतं, चार अंशांपर्यंत तापताना जड होतं आणि बुडी मारतं. सगळं तळं संथपणे घुसळलं जातं. शेवाळ वाढतं, त्यावर जगणारे जीव वाढतात.

पण पाणी जागवणारं ऊनच बर्फाला आतून पोखरतं. तळ्याचा बर्फ उभ्या स्फटिकांचा असतो. स्फटिकांमधल्या सांध्यांत क्षार आणि अशुद्ध द्रव्यं साठलेली असल्याने ते सांधे आधी वितळतात. मग राहतो तो पेटीत उभ्या खोचलेल्या काड्यांसारखा बर्फ: जाडी मीटरभर, आणि ताकद जेमतेम. डिसेंबरात दहा सेंटिमीटर नितळ बर्फ माणसाला खुशाल पेलतो. जूनमध्ये त्याच्या दसपट जाड बर्फाचाही भरवसा नाही. वर साचलेलं पाणी भोकांतून गरगरत खाली जातं आणि जाताना भोक रुंद करतं, म्हणून लहान मुलांना तिथून लांब ठेवतात. पाणी निघून गेलं की पृष्ठभाग पुन्हा पांढरा, कोरडा दिसतो आणि नवख्या माणसाला फसवतो. जाणता माणूस हातातला तूक, म्हणजे लांब दांड्याची लोखंडी छिन्नी, पुढे आपटत चालतो. किती घावांत ती आरपार गेली आणि आवाज भरीव आला की खुळखुळीत, यावर पुढचं पाऊल ठरतं.

धरलेला मासा तिथेच चिरतात, उलू या अर्धचंद्राकृती सुरीने. कणा काढून दोन्ही बाजू शेपटाशी जोडलेल्या ठेवायच्या, मांसाला आडव्या चिरा कातडीपर्यंत द्यायच्या, कातडी मात्र कापू द्यायची नाही, आणि ती जोडी दांडीवर वाळत टाकायची. चिरांमधलं लालभडक मांस वाऱ्याने कडक होतं. ही पिफ्फी, म्हणजे वाळवलेला मासा, करायला हेच दिवस बरे: हवा कोरडी, ऊन चोवीस तास आणि माश्या अजून यायच्या आहेत.

उत्तरेतली तळी आता आधीपेक्षा उशिरा गोठतात आणि लवकर सुटतात. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या तोर्ने नदीचा बर्फ फुटण्याची नोंद 1693 पासून ठेवली आहे, आणि बर्फ लवकर सुटतो हे तीही सांगते. यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दहा देशांतल्या, बर्फातून पाण्यात पडून झालेल्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. हिवाळ्यात हवेचं तापमान उणे पाच ते शून्य अंशांमध्ये आलं की हे मृत्यू झपाट्याने वाढतात, असं त्यात आढळलं. माझ्या मते बर्फ कमी होण्याइतकंच त्याचं वेळापत्रक मोडणं घातक आहे, कारण म्हाताऱ्यांचा अंदाज त्या वेळापत्रकावर घडलेला असतो.

यावर उपाय म्हणून स्मार्ट आइस नावाचा उपक्रम स्थानिक माणसांनाच शिकवून समुद्राच्या बर्फाची जाडी मोजतो. स्लेजवर बसवून ओढायचं यंत्रही त्यांनी केलंय. काम मोलाचंच आहे. पण जूनमधल्या तळ्यावर जाडीचा आकडा अपुरा पडतो, आणि तिथे तूकच लागतो. काठाशी बर्फ आधी सुटतो, मधला थर तेवढा तरंगत राहतो. मग काही जण फळी टाकून, तर काही जण छोटी होडी स्लेजवर घालून काठ आणि बर्फ यांच्यातली फट ओलांडतात. होडी न्यावी लागली की बहुतेक घरं त्या वर्षीची मासेमारी आवरती घेतात. तरुण पोरं मात्र आणखी एक खेप करू म्हणतात, आणि घरात वाद होतो.