दहा वेशींचं गाव

रविवारी पहाटेपासून सदर बाजारातल्या आमच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुलीचा चेहरा पडला. आजचं फिरणं गेलं, असं तिला वाटलं. सासूबाईंनी मात्र डब्यात पोळ्या भरल्या आणि म्हणाल्या, "अगं, झाशीचा कोट बघायचा तो पावसातच. मे महिन्यात त्या दगडाला हातही लावता येत नाही." तीन छत्र्या, चार माणसं, एक ई-रिक्षा, असे आम्ही निघालो.

सदर बाजार ही छावणीची वस्ती, म्हणजे आम्ही वेशीबाहेरचे. 1861 साली इंग्रजांनी झाशीचं शहर आणि किल्ला शिंद्यांना दिला आणि 1886 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. मधली पंचवीस वर्षं साहेबाचा मुक्काम तटाबाहेरच होता. आजही छावणीतले सरळ रस्ते सोडून जुन्या शहरात शिरलं की गल्ल्या वळायला लागतात.

आधी किल्ला. ओरछाच्या वीरसिंह देवांनी तो 1613 साली बांगरा टेकडीवर बांधला. भिंती ग्रॅनाइटच्या, सोळा ते वीस फूट जाडीच्या. मुलीनं मिटलेली छत्री जमिनीवर आडवी ठेवून हिशेब केला: सहा छत्र्या! पावसानं धुतलेला दगड काळानिळा चमकत होता आणि सांध्यांतून बारीक शेवाळ वर आलं होतं. इथल्या एका भागाला शंकरगड म्हणतात. 1742 साली पेशव्यांचे सुभेदार म्हणून आलेल्या नारोशंकरांनी तो भाग वाढवला. माझं माहेर नाशिकचं. नारोशंकराची घंटा लहानपणापासून गोदाकाठी पाहिलेली. त्याच माणसाचं बांधकाम सासरच्या गावी भेटलं, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा हे गाव मला आपलं वाटलं होतं.

बहुतेक पाहुणे किल्ला बघतात, कडकबिजली तोफेपाशी फोटो काढतात आणि ओरछाची गाडी पकडतात. पण किल्ल्याच्या दक्षिण अंगाला शहराचा तट येऊन मिळतो, तिथून खरी झाशी सुरू होते. हा तट झाशीचे सुभेदार शिवराव भाऊ नेवाळकरांच्या काळातला, 1796 ते 1814 मधला. सासूबाई बोटांवर वेशी मोजायला लागल्या: खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर, झिरना. दहा बोटं, दहा वेशी. बहुतेक नावांत पुढच्या गावाचा पत्ता आहे. दतिया दरवाजातून दतियाला, सागर दरवाजातून सागरला. छत्रपती संभाजीनगरचा दिल्ली दरवाजा दिल्लीकडे बघतो, तसंच हे.

दुपारी सर वाढली आणि एका वेशीच्या कमानीखाली आम्ही उभे राहिलो. शेजारी सायकलवाले, एक शेळी आणि गरम मंगोडे तळणारा माणूस. मंगोडे म्हणजे मुगाच्या डाळीची भजी. वर बघितलं तर दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप बाहेर आलं होतं, मूळ बोटाएवढं जाड. त्याच्या खाली दोन खिळे ठोकून कुणीतरी दोरी बांधली होती. पाणी त्या खिळ्यांच्या भोकांतून आत मुरत होतं.

1858च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफा याच तटावर लागल्या होत्या. 3 एप्रिलला भगदाडातून आणि शिड्या लावून इंग्रज शहरात घुसले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा आत अडकले होते. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 साली छापलं गेलं. वेढ्यातली झाशी मराठीत वाचायला मिळते, ती त्यांच्यामुळे. पण तोफांनी जे थोड्या दिवसांत केलं, तेच पिंपळाचं एक मूळ हळूहळू करतं.

परतताना गणेशमंदिरात गेलो. 1842 साली मनूचं, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचं, झाशीच्या गंगाधररावांशी लग्न इथेच लागलं, असं सांगतात. ओल्या पायांनी फरशीवर टेकलो आणि डबा उघडला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाईसाहेबांच्या घरी जेवतोय आपण."

1853 साली गंगाधरराव गेले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कार्कासोन या जुन्या तटबंदीच्या गावात वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी दुरुस्तीचं काम हाती घेतलं. तो तट पाडायचा सरकारी हुकूम 1849 साली निघाला होता. विरोध झाला आणि हुकूम मागे घ्यावा लागला. गावातले लोकही त्यात होते. आज जगभरातले लोक तो तट बघायला जातात. तिथला दगड आपल्यापेक्षा काही पक्का नव्हता. तो आपला आहे, असं म्हणणारी माणसं वेळेवर पुढे आली.

महाराष्ट्रातून झाशीला येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: किल्ल्यानंतर आणखी अर्धा दिवस हातात ठेवा, छत्री घ्या आणि एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत पायी चाला. आणि इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना: कोटाच्या दगडात खिळा ठोकू नका, आणि पिंपळाचं रोप दिसलं, तर ते बोटाएवढं होण्याआधी पुरातत्त्व खात्याला किंवा नगर निगमला कळवा.