थळ घाटातील आगगाडी आणि विज्ञानकथेतील तोफ : ऊर्जा, शक्ती व उष्णता यांचा विचार

विज्ञानकथांतून आढळणाऱ्या भावी काळातील शस्त्रांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात दारूऐवजी विद्युच्चुंबकी बलाने गोळा फेकणाऱ्या तोफा येतात; दुसऱ्यात गोळ्यावाचून, केवळ किरणांनी लक्ष्याचा नाश करणारी शस्त्रे येतात. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतील मंगळवासीयांचा उष्ण किरण हे दुसऱ्या वर्गाचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. यांपैकी कोणतेही शस्त्र पदार्थविज्ञानाच्या मूलभूत नियमांचा भंग करीत नाही. असे असता ती सैनिकाच्या हाती अद्याप का आली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः ऊर्जा आणि शक्ती या दोन राशींमधील भेदात सापडते. आणि हा भेद इगतपुरीच्या परिसरातील काही उदाहरणांनी विशेष स्पष्ट होतो.

मुंबईहून ईशान्येकडे जाणारा लोहमार्ग कसारा व इगतपुरी यांच्या दरम्यान थळ घाट चढतो. १८६५ साली वाहतुकीस खुला झालेला हा मार्ग सुमारे १५ किलोमीटरांत ९७२ फूट, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर, उंची गाठतो. सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे. म्हणूनच कसाऱ्यास गाडीला जादा इंजिने जोडण्याचा प्रघात पडला. १,००० टन वजनाची गाडी इगतपुरीस पोहोचविण्यासाठी, घर्षण हिशेबात न घेता, सुमारे २९० कोटी जूल ऊर्जा लागते. चढणीस अर्धा तास लागला असे धरल्यास सरासरी शक्ती सुमारे १.६ मेगॅवॅट येते. १९३० मध्ये इगतपुरीपर्यंतचा मार्ग विजेवर चालू लागला, त्या काळची घाटातील मालवाहू विद्युत इंजिने सुमारे २,६०० अश्वशक्तीची होती. १,५०० व्होल्ट दाबाच्या तारेतून असे एक इंजिन पूर्ण शक्तीने चालताना सुमारे १,३०० अँपिअर प्रवाह घेत असे.

आता ‘रेलगन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत्तोफेकडे वळता येईल. तिची रचना तत्त्वतः अत्यंत साधी असते. दोन समांतर धातूचे रूळ व त्यांना जोडणारा, त्यांवरून सरकणारा एक वाहक, एवढेच तिचे मुख्य भाग. एका रुळातून जाऊन वाहकावाटे दुसऱ्या रुळातून परतणारा प्रवाह रुळांमधील जागेत चुंबकी क्षेत्र निर्माण करतो, आणि ते क्षेत्र वाहकास व त्यापुढील गोळ्यास पुढे ढकलते. रुळांच्या दर मीटर प्रवर्तकतेच्या निमपटीस प्रवाहाच्या वर्गाने गुणले असता हे बल मिळते. ही प्रवर्तकता साधारणपणे मीटरला अर्धा मायक्रोहेन्री असते. इतक्या अल्प राशीपासून मोठे बल मिळवावयाचे तर प्रवाह प्रचंडच असला पाहिजे. ३५ लक्ष अँपिअर प्रवाहापासून सुमारे ३१ लक्ष न्यूटन बल मिळते, आणि १० मीटर लांबीच्या नळीत ते १० किलोग्रॅमच्या गोळ्यास सेकंदाला सुमारे २,५०० मीटर वेग देते. हा प्रवाह घाटातील उपरोक्त इंजिनाच्या प्रवाहाच्या सुमारे २,७०० पट आहे.

या गोळ्याची गतिज ऊर्जा ३१ मेगॅजूल भरते. ती आगगाडी चढविण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या नव्वदाव्या हिश्शाहूनही किंचित कमी आहे. तेवढ्या ऊर्जेने १,००० टनांची गाडी जेमतेम तीन मीटर उचलली जाईल. तेव्हा ऊर्जेचा साठा ही येथे खरी अडचण नव्हे. अडचण काळाची आहे. गोळा नळीत सुमारे ८ मिलिसेकंदच असतो, आणि तेवढ्या अवधीत सरासरी ३,९०० मेगॅवॅट शक्ती पुरवावी लागते. इगतपुरीच्या दक्षिणेस असलेल्या घाटघर उदंचन जलविद्युत केंद्राची क्षमता २५० मेगॅवॅट आहे. अशी जवळजवळ सोळा केंद्रे एकदम चालविली तर ही क्षणिक मागणी पुरी होईल. व्यवहारात ऊर्जा सावकाश साठवून धारित्रांतून एकदम सोडण्यात येते. तथापि, अशी धारित्रे किलोग्रॅममागे एक-दोन हजार जूलच साठवितात. कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तर केवळ धारित्रांचे वजन पन्नास ते शंभर टन होते.

याच्याशी पारंपरिक तोफेची तुलना उद्बोधक आहे. इगतपुरीहून नाशिककडे जाताना लागणाऱ्या देवळालीस भारतीय सैन्याचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे. १५५ मिलिमीटर व्यासाच्या तोफेचा सुमारे ४३ किलोग्रॅमचा गोळा सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे १४ मेगॅजूल होते. आणि त्यासाठी काही किलोग्रॅम दारू पुरेशी असते. दारू ही एकाच वेळी साठा व कळ अशी दोन्ही कामे करते, हे तिचे सामर्थ्य होय. मात्र तिच्या वायूंच्या प्रसरणवेगामुळे गोळ्याच्या वेगास मर्यादा पडते. ती मर्यादा ओलांडणे हेच रेलगनचे प्रयोजन आहे.

या प्रयत्नांचा इतिहास जुना आहे. नॉर्वेचे पदार्थवैज्ञानिक क्रिस्टियान बिर्कलंड यांनी विद्युत्तोफेचे प्रात्यक्षिक १९०३ साली भर सभेत केले, तेव्हा मंडल जुळून प्रखर विद्युत्कमान पेटली व प्रात्यक्षिक फसले. परंतु त्याच कमानीच्या विचारातून हवेतील नायट्रोजनपासून खत बनविण्याची बिर्कलंड-आइड पद्धती उदयास आली. अमेरिकन नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये ३३ मेगॅजूलची रेलगन यशस्वीपणे डागली. तथापि, रुळांची झीज, विजेचा पुरवठा व खर्च या अडचणी राहिल्या, आणि २०२१ मध्ये तो कार्यक्रम थांबविण्यात आला. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून अशी तोफ डागल्याचे जाहीर केले. भारतात पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत लहान मुखाच्या रेलगनवर काम झाले आहे.

हातात धरावयाच्या शस्त्रास हाच हिशेब लावता येईल. ४ ग्रॅमची गोळी ९०० मीटर वेगाने सोडणाऱ्या रायफलीत गोळीची ऊर्जा सुमारे १,६०० जूल असते. विद्युत रायफलीची कार्यक्षमता पाव धरली, तर दर गोळीस ६,५०० जूल लागतील. एक किलोग्रॅमच्या लिथियम बॅटरीत सुमारे ९ लक्ष जूल असतात. म्हणजे शंभराहून अधिक गोळ्यांची सोय झाली. पण बॅटरी ही ऊर्जा झटकन देत नाही, आणि झटकन देणारे धारित्र तीन ते सहा किलोग्रॅमचे होते. मिनिटाला ६०० गोळ्या झाडावयाच्या तर ते सेकंदात दहा वेळा भरावे लागेल. त्यास ६५ किलोवॅट, म्हणजे एखाद्या मोटारीच्या इंजिनाएवढी, शक्ती हवी. साध्या काडतुसात हेच काम दीड-दोन ग्रॅम दारू करते.

किरणशस्त्रांपुढील अडचणी निराळ्या आहेत. लेझरचा किरणही विवर्तनामुळे पसरतोच. एक मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण १० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून सोडला, तर एक किलोमीटरवर त्याचा ठिपका आदर्श स्थितीतही सुमारे २.४ सेंटिमीटरांचा होतो; पिस्तुलाच्या १ सेंटिमीटर मुखातून सोडला, तर तो २४ सेंटिमीटरांचा होतो व तीव्रता शंभरपट घटते. दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पहिल्या ठिपक्याएवढ्या जागी वितळविण्यास सुमारे २,४०० जूल लागतात. पत्रा पाचवा हिस्साच शोषून घेतो असे धरले, तर ३० किलोवॅटच्या लेझरला त्यास अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ पुरतो. मात्र असा लेझर कार्यक्षमता एक तृतीयांश असल्यास ६० किलोवॅट उष्णता स्वतःत निर्माण करतो. पाच किलोग्रॅमच्या शस्त्राचे तापमान त्यामुळे सेकंदाला सुमारे २४ अंशांनी चढेल, आणि ते धरणाऱ्याचाच हात प्रथम भाजेल.

हवामानाचा अडथळा तर इगतपुरीकरांस सांगावयास नको. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावी पावसाळ्यात धुके दिवसचे दिवस हटत नाही. धुक्यातील दृश्यता एक किलोमीटर असेल, तर तेवढ्या अंतरावर किरणाचा जेमतेम दोन टक्के भाग पोहोचतो. दृश्यता २०० मीटरांवर आली, तर एक किलोमीटरवर तीस कोटींवा अंशही क्वचितच उरतो. चित्रपटांतून झळकणारी किरणाची रेषा वस्तुतः हवेतील कणांनी विखुरलेला, म्हणजे वाया गेलेला, प्रकाश होय. स्वच्छ हवेत बाजूने पाहणाऱ्यास किरण जवळजवळ दिसतच नाही.

म्हणूनच प्रत्यक्षात आलेली किरणशस्त्रे वाहनांवर वा जहाजांवर बसविलेली आढळतात. एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेने कर्नूल येथे ३० किलोवॅटच्या लेझर शस्त्राची चाचणी घेऊन मानवरहित विमाने पाडून दाखविली. पातळ कवचाच्या, मंद गतीच्या लक्ष्यांविरुद्ध, निरभ्र हवेत, पाठीशी मोठा वीजपुरवठा व शीतनव्यवस्था असता हे शस्त्र उपयोगी ठरते. यावरून विज्ञानकथेतील कोणत्याही नव्या शस्त्राची परीक्षा करताना चार प्रश्न क्रमाने विचारले पाहिजेत : ऊर्जा कोठे साठविली आहे, ती किती वेळात सुटते, वाया गेलेली उष्णता कोठे जाते, आणि मधल्या हवेत तिचे काय होते. पहिल्याचे समाधानकारक उत्तर बहुधा मिळते; उरलेल्या तिहींची उत्तरे मिळेपर्यंत दारूचे काडतूस आपली जागा सोडील असे दिसत नाही.