आधी निखारा बघा, मग पाटी

संध्याकाळचे साडेसहा. भेंडी बाजाराच्या पोटात, बोहरी मोहल्ल्यातल्या खारा टँक रोडवर दिवे लागू लागले होते. एका अरुंद दुकानाच्या तोंडाशी लांबट लोखंडी सिगडी मांडलेली, कोळसा नुकताच पेटवलेला, धूर थेट डोळ्यांत येत होता. मी भुकेला होतो. सिगडीमागच्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हटलं, "चाचा, दो सीख लगा दो." हातातला पुठ्ठा हलवत, मान वर न करता ते म्हणाले, "अभी नहीं बेटा. कोयला पकने दो."

मांस शिजतं हे ठाऊक होतं; कोळसाही पिकतो, हे त्या दिवशी कळलं. वीसेक मिनिटांत धूर विरला. काळ्या ढेकळांवर पांढुरक्या राखेची साय धरली आणि तिच्याखाली लाल उजेड दिसू लागला. मग चाचांनी हात पाण्यात बुडवला, कीम्याचा लिंबाएवढा गोळा उचलला, सळईवर चढवला आणि अंगठा व तर्जनीच्या कड्यातून तो खाली ओढत नेला. बोटांच्या खुणा कीम्यावर वळ्यांसारख्या उमटल्या. दोन्ही टोकं निमुळती करून सीख सिगडीच्या दोन काठांवर ठेवली. खाली जाळी नाही, तवा नाही. मांस अधांतरी, त्याला स्पर्श फक्त आचेचा. पहिला चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चुर्र झालं, वास उठला आणि वाट बघण्याचं सार्थक झालं.

मुंबईत चांगलं भाजलेलं मांस कुठे मिळतं, असं मला अनेक जण विचारतात. नावं सांगता येतात, पुढे सांगणारही आहे. पण नावांच्या यादीपेक्षा निखारा ओळखण्याची नजर जास्त उपयोगी पडते, असं माझं इतक्या वर्षांच्या खाण्यानंतरचं ठाम मत आहे. तीच सिगडी, तोच कारागीर आणि तोच मसाला साडेसहाला एक चव देतो, साडेआठला दुसरी. म्हणून शोध दुकानाच्या पाटीपासून सुरू न करता विस्तवापासून करावा.

तीन वाटांनी आलेला विस्तव

या महानगरात भाजलेलं मांस निरनिराळ्या वाटांनी आलं. सगळ्यांत जुनी वाट महंमद अली रोड, नागपाडा, भेंडी बाजार या पट्ट्याची. इथे सीख, बोटी, कलेजी, गुर्दा आणि खिरी हे रोजचं खाणं आहे. खिरी म्हणजे जनावराच्या कासेचं मांस. भाजल्यावर ते दुधाळ, किंचित चिवट आणि विलक्षण चविष्ट लागतं. खारा टँक रोडवरचं 'हाजी टिक्का' यासाठी प्रसिद्ध आहे. नागपाड्याच्या 'सर्वी'ची सीख इतकी मऊ असते की रोटीच्या तुकड्यानं उचलताना ती मोडते. कुलाब्याला, ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत मोहम्मद यासीन यांनी 1946 साली सीख कबाबची गाडी लावली, तिचंच पुढे 'बडे मियाँ' झालं. रात्री उशिरा गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून बैदा रोटी आणि कबाब खाणं ही मुंबईकरांच्या तीन पिढ्यांची आठवण आहे.

दुसरी वाट फाळणीची. 1947 नंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित शीव कोळीवाडा, चेंबूर, उल्हासनगर इथे वसले आणि त्यांच्यासोबत मातीचा तंदूर आला. दिल्लीत दर्यागंजच्या 'मोती महल'नं पेशावरहून आलेली तंदुरी कोंबडी देशभर पोचवली, तेव्हाच इकडे शीव कोळीवाड्यात भट्ट्या पेटत होत्या. स्टेशनचं नाव आज गुरू तेग बहादूर नगर असलं, तरी खवय्यांच्या तोंडी कोळीवाडाच आहे. तंदुराची रीत वेगळी. सिगडीत आच फक्त खालून लागते. तंदुरात खालून निखारा, चहूबाजूंनी तापलेली माती आणि तोंडाशी कोंडलेली गरम हवा, असा तिहेरी मारा असतो. म्हणून तंगडी तंदुरातली चांगली आणि कीमा सिगडीवरचा.

तिसरी वाट अगदी अलीकडची. 2006 साली मुंबईत 'बार्बेक्यू नेशन' सुरू झालं आणि 'बार्बेक्यू' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोचला. टेबलाच्या मध्यभागी सिगडी, सळया येतच राहतात, पुरे झालं की छोटा झेंडा आडवा करायचा. वाढदिवसाला, ऑफिसच्या पार्टीला, शाकाहारी-मांसाहारी एकत्र कुटुंबाला ही सोय मोठी आहे. मात्र तिथे मांस बहुतेक आतच भाजून येतं आणि टेबलावरचा विस्तव त्याला गरम ठेवतो. खरी भाजणी बघायची असेल, तर रस्त्यावरच यावं लागतं.

निखारा काय करतो

चाचा कोळसा पिकायची वाट का बघत होते? नुकत्याच पेटलेल्या कोळशात ओल आणि धुरकट द्रव्यं शिल्लक असतात. ती जळेपर्यंत ज्वाळा आणि काजळी उठते, आणि काजळी मांसावर बसली की कडवट चव येते. ती द्रव्यं जळून गेली की उरतो जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याच्यातून संथ, एकसारखी उष्णता बाहेर पडते. ही उष्णता हवेच्या मार्फत कमी आणि उन्हासारखी थेट जास्त लागते, म्हणून मांसाचा पृष्ठभाग पटकन खमंग होतो.

खमंगपणाचंही कारण आहे. साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात क्रिया सुरू होते, तपकिरी रंग चढतो आणि शेकडो नवे गंध तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी 1912 मध्ये ती मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. भाकरीला पडणारे डाग, भाजलेला रवा, खरपूस कांदा हे सगळं तिचंच देणं. सीख कबाबात त्यावर आणखी एक थर चढतो. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, जळतो आणि सुगंधी धूर होऊन पुन्हा वर मांसाला बिलगतो. म्हणूनच कीम्यात चरबी हवी. अगदी कोरड्या कीम्याची सीख निखाऱ्यावर भुश्शासारखी होते.

मऊपणाचं श्रेय बहुधा कच्च्या पपईला जातं. तिच्यातला पपेन हा घटक मांसाचे धागे तोडतो. पण इथे हात राखून काम करावं लागतं. पपई जास्त झाली किंवा मांस जास्त वेळ मुरलं, तर कबाब मऊ न राहता पिठूळ होतो. दाताखाली काहीच येत नाही. जिभेवर विरघळतो म्हणून ज्याची तारीफ होते, तो पुष्कळदा पपईनं बिघडलेलाच असतो. चांगल्या कबाबात किंचित प्रतिकार हवा, मगच तो सुटावा.

शोधायचं कसं

पहिली गोष्ट वेळेची. सिगडी पेटल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं पोचा. निखारा तयार असतो, कारागीर ताजातवाना असतो, कीमा थंडगार असतो. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या परिसरात जी रोषणाई असते, ती एकदा जरूर अनुभवावी. पण गर्दी उरकण्यासाठी सळया आधीच अर्ध्या भाजून ठेवाव्या लागतात. चवीसाठी जायचं असेल, तर रमजाननंतरची एखादी मधल्या वारची संध्याकाळ निवडा.

दुसरी गोष्ट, दुकानात काय काय मिळतं ते बघा. चार-पाच पदार्थ आणि तेही सगळे विस्तवावरचे असतील, तर थांबा. कबाबाशेजारी नूडल्स, पिझ्झा आणि पावभाजी असेल, तर सिगडीकडे पूर्ण लक्ष देणारा माणूस तिथे असण्याची शक्यता कमी.

तिसरी गोष्ट रंगाची. गडद लाल किंवा केशरी टिक्का हा रंगाच्या पुडीचा प्रताप असतो. काश्मिरी मिरचीचा रंग विटकरीकडे झुकतो आणि भाजल्यावर कडांना काळपट होतो. कडा काळ्या, मधला भाग तपकिरी, वर चरबीची चमक: असा तुकडा निःशंक घ्या. सगळीकडून सारखाच लाल दिसणारा सोडून द्या.

चौथी गोष्ट कारागिराच्या हातांची. तो सारखा जागा बदलतो का? सिगडीवर एका टोकाला आच जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, अशी मांडणी जाणता माणूस मुद्दाम करतो. कच्ची सीख तीव्र आचेवर, होत आलेली सौम्य आचेवर. ज्वाळा उठली की तो सीख उचलतो, ज्वाळा बसली की परत ठेवतो. पंखा तो मांसावर मारत नाही, निखाऱ्यावर मारतो.

पाचवी युक्ती माझी हमखास लागू पडणारी आहे. नव्या वस्तीत गेलो की मी हॉटेलात न विचारता मटणाच्या दुकानात विचारतो: "संध्याकाळी तुमच्याकडून कीमा कोण नेतं?" कोणाला कसलं मांस लागतं, कोण मांडीचं मागतो आणि कोण उरलंसुरलं उचलतो, हे खाटकाला पक्कं माहीत असतं. माहीमच्या दर्ग्याजवळ, कुर्ल्यात, मुंब्र्यात, मीरा रोडला मला उत्तम सिगड्या सापडल्या त्या अशाच.

आणि एक गोष्ट विचारूनच खावी: मांस कशाचं आहे? मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या मांसाला परवानगी आहे, आणि भेंडी बाजाराच्या पट्ट्यातले बरेच टिक्के आता त्याचेच असतात. मटण, म्हैस, कोंबडी यांपैकी आपण काय खातो आणि काय खात नाही, ते स्पष्ट सांगा. चांगला दुकानदार त्याचं सरळ उत्तर देतो, आणि जो टाळतो त्याच्याकडे खाऊ नये.

शहराच्या काठावरची पोपटी

महानगराची हद्द बोहरी मोहल्ल्यात संपत नाही. पनवेल, पेण, अलिबागकडे हिवाळ्यात शेताच्या बांधावर जी पोपटी लागते, ती आपली स्वतःची भाजणी आहे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. मडकं उघडल्याबरोबर येणारा भांबुर्ड्याचा उग्र-गोड वास कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. अलीकडे तिकडची काही शेतघरं पाहुण्यांसाठी पोपटी लावतात. जानेवारीत दोन दिवस आधी सांगून जा.

विस्तवाची किंमत

हे सगळं लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नात लक्ष घालून लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यानंतर महापालिकेच्या नोटिसा कोळशाचा तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही गेल्या. खवय्यांमध्ये हळहळ झाली, मलाही झाली. पण सिगडीमागे उभ्या माणसाच्या छातीत रोज सहा-सात तास तो धूर जातो. गल्लीतल्या वरच्या मजल्यांवर लहान मुलं, म्हातारी माणसं राहतात. आपण अर्ध्या तासासाठी जाऊन जो वास छातीभर घेतो, तो त्यांच्या पडद्यांत आणि श्वासात कायमचा आहे.

कोळशाला दुसरं टोकही आहे. रायगड-ठाण्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पावसाळा संपला की कोळशाच्या भट्ट्यांवर जात आली. उचल घेऊन, मुलाबाळांसकट, सहा-सात महिने. मुलांची शाळा सुटते ती तिथेच. आपल्या ताटातल्या खमंगपणामागे असे हात राबलेले असू शकतात, एवढी जाणीव सीख तोडताना असायला हवी.

मग गॅसवर चव राहील का? थोडी जाईल, बरीच राहील. खमंगपणा तापमानानं येतो, मऊपणा कीम्याच्या मळणीनं येतो, चरबीचा धूर गॅसनं तापलेल्या दगडांवर किंवा लोखंडी पट्ट्यांवरही तयार होतो. कोळशाचा स्वतःचा गंध हवा असेल, तर शेवटी एका निखाऱ्यावर तूप सोडून झाकण ठेवायची धुंगाराची रीत आपल्याकडे आहेच. फक्त हा बदल लहान दुकानदाराच्या खिशाला पेलेल असा हवा. त्याला मुदत आणि मदत दोन्ही हवी. नाहीतर मोठी हॉटेलं तरतील आणि खारा टँक रोडवरची अरुंद दुकानं बंद पडतील. गेली ती सिगडी परत पेटत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या गल्लीत गेलो होतो. रात्रीचे अकरा वाजत आले होते. चाचांनी शेवटच्या दोन सीख माझ्या हातात ठेवल्या आणि उरलेल्या निखाऱ्यांवर राख ओढली. विझवता का नाही, विचारलं. "सुबह इसी से जलेगा," ते म्हणाले. मला वाटतं, उत्तम कबाबाचा पत्ता याच माणसांकडे आहे: ज्यांना निखारा पिकवता येतो, आणि रात्रभर राखून ठेवताही येतो.