तंबूंतील शेगडी

श्रोतेहो, घर म्हटलें कीं भांड्याला भांडें लागायचेंच, असें आपण म्हणतों. आमच्या कुटुंबाच्या मेळाव्यांत मात्र भांडें भांड्याला लागलें नाहीं, आणि त्यामुळेंच एका तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतलें. ती हकीकत व तिच्यामागील शास्त्र आज आपणांस सांगावयाचें आहे.

आम्ही चार भाऊ. गांवचें घर विकल्यापासून सर्वांनीं एकत्र जमावें अशी जागाच उरली नव्हती. म्हणून २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस मुलांनीं बेत केला कीं, अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्यास जलाशयाच्या कांठीं तंबू ठोकून दोन रात्री राहावें. प्रवरा नदीवरील तेथील धरण १९२६ सालीं पुरें झालेलें. जवळच १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर. आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडें काजव्यांनीं लखलखतात. लहानथोर मिळून आम्ही एकवीस जण निघालों. वयानें वडील म्हणून पुढारीपण ओघानेंच माझ्याकडे आलें.

पहिली चूक मीं दुपारींच केली. सावली दाट म्हणून उघड्या माळावरच्या एकुलत्या एका उंच आंब्याखालीं तंबू ठोकावयास लावले. चारच्या सुमारास वळवाचे ढग चढले. आठवींतली नात म्हणाली, "आजोबा, विजा चमकतांना झाडाखालीं थांबूं नये, असें आमच्या पुस्तकांत आहे." मीं तिला गप्प बसविलें. वास्तविक हाच पाठ मीं तीस वर्षें वर्गांत शिकविला होता!

उंच आणि एकट्या वस्तूवर वीज पडण्याचा संभव अधिक असतो. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर झेप घेते, किंवा जमिनींतून पसरून त्याच्या पायांवाटे शिरते. तंबूचें कापड तिला अडवूं शकत नाहीं. तिचें अंतर मोजणें मात्र सोपें आहे. प्रकाश तत्काळ दिसतो, पण आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. म्हणजे दर तीन सेकंदांस एक किलोमीटर. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर पडलें, कीं पक्क्या घरांत अथवा बंद मोटारींत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. मोटारीचा लोखंडी सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनींत उतरवितो.

नात हळूच आंकडे मोजीत होती. पहिल्यानें पंधरा आले, मग नऊ. धाकट्या भावानें तें ऐकलें आणि मला न विचारतां सर्वांना गाड्यांत बसविलें. आंब्यावर वीज पडली नाहीं. पण त्या वेळीं मला भावाचा रागच आला, हें कबूल केलें पाहिजे. त्या रागामुळें असेल, रात्रीं मला कोणी अडविलें नाहीं.

पाऊस ओसरल्यावर हवा गार झाली. पुतण्याचें सहा महिन्यांचें बाळ शिंकूं लागलें. स्वयंपाक आटोपलेल्या शेगडींत कोळशाचे निखारे फुललेले होते. धूर मुळींच नव्हता. मीं म्हणालों, "शेगडी आंत ठेवा, बाळाला ऊब मिळेल." शेगडी तंबूंत गेली, वारा लागूं नये म्हणून तंबूची चेन ओढून घेतली गेली, आणि सगळे निजले.

धूर नाहीं म्हणजे धोका नाहीं, ही समजूत घातक आहे. कोंडलेल्या जागीं कोळशाला पुरेसा प्राणवायु मिळाला नाहीं, कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु मोठ्या प्रमाणांत निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्टपणें त्याला धरून ठेवतें. त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर आंतून गुदमरतें. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें, झांपड येते. माणूस म्हणतो, प्रवासाचा शीण, आणि झोपून जातो. निखारे राखेखालीं दबले तरी वायु निघतच राहतो. लहानपणीं आम्ही शेगडीशेजारींच निजत असूं. पण त्या घराच्या कौलांना फटी होत्या. आजच्या तंबूचें कापड पाणी आंत येऊं देत नाहीं, तशी हवाहि फारशी खेळूं देत नाहीं.

मध्यरात्रीच्या सुमारास बाळाची आई डोकें धरून बाहेर आली आणि ओकली. माझ्या थोरल्या सूनबाईनें धांवत जाऊन बाळाला बाहेर काढलें. तें मलूल पडलें होतें. त्याच पावलीं मायलेकरांना गाडीनें दवाखान्यांत नेलें. तेथें दोघांना प्राणवायु देण्यांत आला. पहाटे बाळ भुकेनें रडूं लागलें, तेव्हां कोठें आमचा जीव भांड्यांत पडला.

परततांना मीं सूनबाईला विचारलें, "शेगडीचा धोका तुला ठाऊक होता?"

"होता, मामंजी."

"मग बोलली कां नाहींस?"

"आपण सांगितलें होतें ना!"

श्रोतेहो, कितीहि थंडी असो, पेटती शेगडी बंद तंबूंत किंवा बंद खोलींत नेऊं नये. ऊब पांघरुणाची घ्यावी. कोणाला भोंवळ आली तर प्रथम उघड्या हवेंत न्यावें आणि मग विनाविलंब दवाखाना गांठावा. हें झालें शास्त्र. तें आमच्या घरांत दोघींना ठाऊक होतें. एकीला मीं गप्प बसविलें आणि दुसरी माझा मान राखून आपणहून गप्प बसली. आम्ही पुन्हां जमणार आहोंत. त्या वेळीं सामानाच्या यादीच्या माथ्यावर मीं स्वहस्तें एक नियम लिहिणार आहें : "आजोबा, आपण चुकतां आहां", असें म्हणण्याचा अधिकार घरांतील प्रत्येक बोलत्या जिवास राहील.