घोरण्याचा साक्षीदार

सकाळी साडेनऊ

दवाखाना उघडतो तेव्हा आजऱ्याच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गवसे कारखान्याकडे निघालेल्या असतात. बाकावर पहिलं जोडपं बसलंय. तो ट्रॅक्टर चालवतो, पंचेचाळिशीचा गडी. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा 160 च्या खाली यायला तयार नाही.

"झोप कशी लागते?"

"झकास. पडलो की मेलोच बघा."

बायको खाली मान घालून बसते. मी तिच्याकडे वळतो. "वहिनी, तुम्हाला लागते का झोप?" तेव्हा ती पिशवीतून मोबाइल काढते आणि रात्री दोनचं रेकॉर्डिंग लावते. आधी भिंत हादरेल असं घोरणं. मग एकदम काही नाही. मी भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघतो. दहा. वीस. पंचवीस. मग घशातून मोठा खरखराट, पलंग करकरतो, आणि पुन्हा घोरणं सुरू.

"रातभर ह्येच. श्वास थांबला की मीच हलवून जागं करतीया ह्येंना."

"मला कधी सांगितलं न्हाईस," तो म्हणतो. तो खरोखरच हादरलाय.

जोरात घोरणारा माणूस गाढ झोपलाय असं आपल्याकडे घरोघरी समजतात. हा समज मोडणं मला औषध लिहून देण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते. त्यातून जाणाऱ्या हवेनं पडजीभ आणि मऊ टाळू थरथरतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, घसा उघडतो आणि माणूस जागा झाल्याचं न कळताच पुन्हा झोपतो. असा अडथळा किमान दहा सेकंदांचा असला तर तो मोजतात. असे अडथळे तासाला पाचाच्या आत असतील तर ठीक, तीसच्या वर गेले तर आजार गंभीर. दर दचक्याला बीपी उसळतं. हे रात्रभर चालत असेल तर दिवसा तीन गोळ्या कमी पडणारच. पुढे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पक्षाघाताचाही धोका असतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये गेले तेव्हा या आजाराचं, स्लीप ॲप्नियाचं, नाव चार दिवस बातम्यांत होतं.

खणातून टेप काढून मान मोजतो. साडेसतरा इंच. पुरुषाची मान सतराच्या वर, बाईची सोळाच्या वर असली की मला शंका येते.

साडेअकरा

सर्दीनं घोरणारा एक कॉलेजचा पोरगा. त्याला नाकाचा स्प्रे पुरेल. तोंड उघडं टाकून झोपणारी सहा वर्षांची मुलगी. टॉन्सिल मोठे आहेत, तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडतो.

दुपारी एक

गुडघ्यासाठी आलेल्या मावशी. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही, रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं. साखर तपासली, ती नॉर्मल. घोरता का, असं विचारल्यावर त्या तोंडाला पदर लावतात. उत्तर सून देते, तेही अगदी हळू आवाजात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, आणि त्या घोरण्याची तक्रार कधीच घेऊन येत नाहीत, थकव्याची घेऊन येतात. मग रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात आणि वर्षं निघून जातात. मला या मावशींची काळजी ट्रॅक्टरवाल्यापेक्षा जास्त वाटते, कारण त्यांच्यासाठी कोणी रेकॉर्डिंग करून आणत नाही.

चार वाजता

एकटे राहणारे एक आजोबा झोपताना लावायच्या मशीनचा मास्क घेऊन येतात. त्यांचा आजार मुंबईला मुलाकडे राहिले तेव्हा सुनेच्या लक्षात आला. इथे घरात ऐकणारं कोणीच नव्हतं. मशीन नाकावाटे हवेचा सौम्य दाब देतं आणि घसा मिटू देत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी ही युक्ती 1981 मध्ये जगासमोर मांडली. त्याआधी गंभीर रुग्णांना गळ्यात भोक पाडून घेण्यावाचून इलाज नसे. आजोबांच्या मास्कमधून हवा गळते, कारण मिश्या झुपकेदार आहेत. "मिशी न्हाई काढणार," ते ठाम. हरकत नाही, नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मागवू. पावसाळ्यात आमची वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरचंही बोलून ठेवतो.

संध्याकाळी सात

ट्रॅक्टरवाला पुन्हा येतो, या वेळी एकटा. बायकोसमोर जे सांगितलं नव्हतं ते आता सांगतो. वजनकाट्याच्या रांगेत स्टेअरिंगवरच डोळा लागतो. परवा रात्री चालत्या ट्रॅक्टरवर लागला. ट्रॉली चरीच्या कडेला जाऊन थांबली.

"तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत ट्रॅक्टर नाही चालवायचा."

"हंगामात उभा ठिवला तर हप्ता कोण भरणार, डॉक्टर?"

या प्रश्नाला माझ्याकडे गोळी नाही. बराच वेळ बोलतो. शेवटी पुतण्याला बसवायचं ठरतं. दारू बंद, झोपेची गोळी मनानं घ्यायची नाही, उताणं झोपायचं नाही. वजन दहा किलो उतरवायला महिने लागतील, पण उतरलं तर फरक पडेल.

रात्री नऊ

कोल्हापूरला फोन करून घरी लावायचं तपासणीचं यंत्र ठरवतो. गुरुवारी येईल. वहिनींना फोनवर समजावतो: छातीला पट्टा कसा बांधायचा, बोटाला चिमटा कसा लावायचा, नाकाखालची नळी निसटली तर काय करायचं. त्या दोनदा परत विचारून घेतात. मग विचारतात, "त्या राती मी हलवून जागं करायचं का न्हाई?"

"नाही. त्या रात्री यंत्राला मोजू द्या."