आडनावातले गाव आणि वंशाचा प्रश्न

बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकमध्ये राहणाऱ्याला कुणी माळेगावकर म्हणत नाही. गावात तावऱ्यांसारखी आडनावे चालतात. माणूस गावाबाहेर पडला की मगच गाव त्याच्या नावाला चिकटते. पेशवाईतले सावकार बाबूजी नाईक मूळचे केळशीचे जोशी, पण दरबारात ते बारामतीकर ठरले. त्यांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेले मोरोपंत मात्र अखेरपर्यंत पराडकरच राहिले. म्हणजे ‘कर’ लावलेले आडनाव घराण्याच्या वाटेवरचा एखादा मुक्काम सांगते. घराणे मुळात कुठून निघाले, हे सांगेलच असे नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या आडनावांकडे पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

किहीमचे केहीमकर, झिराडचे झिराडकर, तसेच पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर. ही गावे बहुतेक जुन्या कुलाबा जिल्ह्यातली, आणि ती इतकी विखुरलेली का, याचे उत्तर धंद्यात आहे. हा समाज तेलाचे घाणे चालवी आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्याला शनवार तेली म्हणत. लहान गावात घाण्यावर एखाद-दुसरेच कुटुंब पोसते, त्यामुळे एकेका गावाशी एकेक भाऊबंदकी जोडली गेली. पुढे मंडळी मुंबईला आली. तिथे शमुवेल आणि यहेज्केल ही मोजकीच बायबली नावे घरोघर, त्यांची मराठी रूपे सामाजी आणि हसाजी. मग एक सामाजी दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा तर गावाचाच आधार. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर हे याचे ठळक उदाहरण.

यावर कुणी म्हणेल की आडनावे इतकी मराठी, तर ही माणसे धर्म बदललेली स्थानिकच असली पाहिजेत. हा तर्क मला मान्य नाही. हाच वाद उत्तर आफ्रिकेतही झाला आहे. मोरोक्कोतल्या ओहाना, ओहायोन, वाक्निन या ज्यू आडनावांच्या आरंभी बर्बर भाषेतला ‘अमक्याचा मुलगा’ या अर्थाचा उपसर्ग आहे. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात यहुदी धर्म पाळणाऱ्या बर्बर टोळ्यांचा उल्लेख केला, त्यामुळे ही घराणी त्याच टोळ्यांची वंशज, असे समजणे सोपे झाले. इतिहासकार हिर्शबर्ग यांनी १९६३ साली त्या पुराव्याची कसून तपासणी करून त्यावर शंका घेतली. शेजाऱ्यांच्या भाषेत हाक मारली जाणे हे शेकडो वर्षांच्या सहवासाने घडते. त्यासाठी धर्मांतर लागत नाही.

पण उलट टोकाला जाऊन स्थानिक रक्ताचा संबंधच नाकारणेही चूक. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. हा निष्कर्ष आडनावांवरून कधीच काढता आला नसता. दिवेकर, पेणकर हिंदूंमध्येही आहेत, आणि कवी निस्सीम इझिकेल यांच्यासारख्या बेने इस्राएलांच्या नावात ‘कर’ नाही. आडनाव वस्तीचा भक्कम पुरावा आहे आणि वंशाचा कच्चा. शिवाय सारख्या नावाची गावे अनेक: माळेगावकर बारामतीचा, की नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा मालेगावकर लिहिण्यात बदलला, हे आडनाव सांगत नाही. म्हणून अलिबागपासून, हा समाज जिथे जाऊन वसला त्या इस्राएलमधल्या लोदपर्यंत, ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत तिथे आडनावाच्या शेजारी गाव, तालुका आणि धंदा आजच लिहून ठेवावा.